शाखेचा फोन आणि मुख्यालयातील व्हॉइसमेल

शाखा कार्यालयाची फोनयंत्रणा मुख्यालयातील व्हॉइसमेल सर्व्हरशी जोडताना आज बहुधा सिप ट्रंक, म्हणजे डेटा नेटवर्कवरून दोन यंत्रणांमध्ये कॉल नेणारा मार्ग, वापरला जातो. २००२ मधील आरएफसी ३२६१ हा सिपचा आधारभूत दस्तऐवज होय. मात्र ट्रंक उभी राहिली म्हणजे काम झाले, असे मानणे चुकीचे ठरते.

न उचललेला कॉल सर्व्हरकडे वळतो, तेव्हा तो मुळात कोणासाठी होता हे ‘डायव्हर्जन’ हेडर, म्हणजे वळवणाऱ्या क्रमांकाची नोंद करणारी ओळ, सांगते. ही ओळ वाटेतील गेटवेने गाळली, तर सर्व्हरला मेलबॉक्स ओळखता येत नाही आणि कॉल करणाऱ्याला सर्वसाधारण स्वागतसंदेश ऐकू येतो. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये ही ओळ पाठवण्याची सोय ट्रंकवर स्वतंत्रपणे सुरू करावी लागते, आणि नेमकी तीच अनेकदा राहून जाते. दोन शाखांत २०१ हा एकच एक्स्टेन्शन असल्यास क्रमांकाआधी शाखेचा संकेतांक जोडणे अपरिहार्य ठरते.

नव्या निरोपाचा दिवा आरएफसी ३८४२ नुसार येणाऱ्या सूचनेने पेटतो. जी.७११ या कोडेकचा, म्हणजे आवाजाचे डेटात रूपांतर करणाऱ्या पद्धतीचा, आवाज ६४ केबीपीएस, तर जी.७२९ चा केवळ ८ केबीपीएस घेतो. परंतु जी.७२९ च्या संकोचनात बटणांचे सूर विकृत होत असल्याने ते आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळे पाठवावेत, अन्यथा बटणांनी दिलेला मेलबॉक्सचा पासवर्ड स्वीकारला जात नाही. जोडणी कार्यान्वित करण्यापूर्वी वळवलेला कॉल, दिवा आणि पासवर्ड या तिन्हींची चाचणी शाखेतील फोनवरूनच घ्यावी.