नातीच्या दातांच्या तारा आणि आजोबांची कॅप्सूल

परवा सायंकाळी एक सत्तरीचे गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या नातीसह दवाखान्यात आले. मुलीचे दात सरळ करण्यासाठी तारा बसवल्या होत्या. आदल्या दिवशी तार घट्ट केल्यापासून दात ठणकत होते, आणि ती मऊ भात कशीबशी गिळत होती. आजोबांनी खिशातून गोळ्यांचे पाकीट काढले. "डॉक्टर, तारांमुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, असे वाचले. मी रोज ई जीवनसत्त्वाची ही ४०० युनिटची कॅप्सूल घेतो. हिलाही सुरू करू का?"

प्रश्न मायेपोटी आलेला होता. त्यांना जे सांगितले, तेच आज आपणासही सांगतो.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तार दाताला एका दिशेने ढकलते. ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड विशिष्ट पेशी झिजवतात, तर विरुद्ध बाजूस दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. अशा रीतीने दात हळूहळू सरकतो. या कामासाठी तेथे सौम्य दाह निर्माण व्हावा लागतो. त्या वेळी पेशींमध्ये प्राणवायूपासून काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांचे प्रमाण शरीराच्या आवरण्याच्या शक्तीपेक्षा वाढले, की त्यास ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

मात्र हेच रेणू हाड झिजवणाऱ्या पेशींना कामाचा निरोपही देतात. म्हणजे हा ताण केवळ शत्रू नव्हे. दात सरकण्याच्या क्रियेचा तो एक भाग आहे. तो गोळ्यांनी दडपल्यास तारा लावलेल्या मुलांना लाभ होतो, असे खात्रीने सांगण्याजोगा पुरावा नाही. क जीवनसत्त्वाचे महत्त्व मात्र निर्विवाद आहे. हिरड्यांतील आणि दाताभोवतीच्या तंतूंतील कोलॅजेन त्याच्यावाचून नीट तयार होत नाही. पण त्याची रोजची गरज प्रौढ पुरुषास ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम इतकीच आहे. १०० ग्रॅम पेरूत ते साधारण २०० मिलिग्रॅम असते. मग ५०० मिलिग्रॅमची गोळी कशासाठी? शिवाय चघळण्याची आंबट गोळी तारांभोवती रेंगाळली, तर तिच्यातील आम्ल दाताच्या कवचाची झीज करते.

"जीवनसत्त्वच ते, अपाय कसला होणार?" असे आपणास वाटेल. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,००० हून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाल्याचे १९९४ साली दिसून आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. दोन्ही ठिकाणी आशा संरक्षणाची होती.

हे बोलत असताना मी आजोबांची फाईल चाळली. हृदयाच्या कृत्रिम झडपेमुळे ते रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत होते. विचारल्यावर म्हणाले, "हो, महिनाभर ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते खरे. वयोमान, दुसरे काय!" ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकते. ही कॅप्सूल त्यांनी एकाही डॉक्टरला सांगितली नव्हती, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हते. मी कॅप्सूल थांबवली आणि पीटी-आयएनआर तपासणी त्याच दिवशी करवून घेतली. रक्त प्रमाणापेक्षा अधिक पातळ झाले होते. पुढचे मात्रेचे गणित त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी पाहिले. आपणही वॉरफरिन घेत असाल, तर ते आपल्या मनाने कधीही थांबवू नका.

नातीसाठी दिलेला सल्ला साधा होता. तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस मऊ भात, खिचडी, दही, शिजवून कुस्करलेल्या भाज्या द्याव्यात. पेरू पिकलेला, बिया काढून, बारीक फोडी करून द्यावा. आवळा किसून द्यावा; अख्खा चावल्यास ब्रॅकेट निघते, आणि चिकट आवळाकँडी तारांत अडकते. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करावा, तारांखालच्या फटींसाठी बारीक ब्रश वापरावा. तारा असताना हिरड्या सुजतात त्या बहुधा साचलेल्या कीटणामुळे, आणि कीटण कोणत्याही कॅप्सूलने निघत नाही. ठणका असह्य झाला, तर वेदनाशामक डॉक्टरांना विचारूनच द्यावे. रक्ततपासणीत कमतरता आढळली किंवा आहार फारच तोकडा असला, तर जीवनसत्त्वाची गोळी अवश्य द्यावी. पण ती डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत व मुदतीपुरती.

आणि आपल्यासाठी एक विनंती. आज आपला औषधांचा डबा उघडा. त्यातील प्रत्येक गोळी, जीवनसत्त्वे, काढे आणि चूर्णे धरून, एका कागदावर लिहा. तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना आणि दंतवैद्यांनाही दाखवा. आपल्या डब्यातील गोळी नातवंडाला देण्यापूर्वी, ती आपल्याला तरी हवी आहे का, हे आधी विचारा.