श्टुटगार्टचं स्टेशन आणि पवनेचं पाणी

श्टुटगार्ट : जर्मनीत पक्ष रंगांनी ओळखले जातात. ख्रिश्चन डेमोक्रॅट काळे, सोशल डेमोक्रॅट लाल, उद्योगांची बाजू घेणारे फ्री डेमोक्रॅट पिवळे, पर्यावरणवाले हिरवे. आघाडी झाली की तिचं बारसंही रंगांवरूनच होतं. लाल, पिवळे, हिरवे एकत्र आले की ‘ट्रॅफिक सिग्नल’. काळे, पिवळे, हिरवे आले की ‘जमैका’, कारण त्या देशाच्या झेंड्यात हे तीन रंग आहेत. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, बरं झालं, समोरच्याचा रंग कळला की त्याची मतं कळली. माझ्यासारख्या मावळातून आलेल्या माणसाचा मात्र यावर पटकन विश्वास बसत नाही.

इथलं गाजलेलं प्रकरण म्हणजे रेल्वे स्टेशनचं. शहराच्या मध्यावरचं जुनं स्टेशन पाडापाडी करून जमिनीखाली न्यायचं, असा हा ‘श्टुटगार्ट 21’ प्रकल्प. 2010 मध्ये काम सुरू झालं आणि शहर रस्त्यावर उतरलं. उतरलं कोण, ते महत्त्वाचं. डावे विद्यार्थी आणि झाडं वाचवणारे होतेच. पण त्यांच्या शेजारी निवृत्त इंजिनिअर, दुकानदार, आयुष्यभर काळ्यांना मत दिलेल्या आज्याही उभ्या होत्या. 30 सप्टेंबर 2010 रोजी राजवाड्याच्या बागेत पोलिसांनी या गर्दीवर पाण्याचे फवारे मारले. एका निवृत्त इंजिनिअरची दृष्टी जवळजवळ गेली. त्या दिवसाला इथे अजून ‘काळा गुरुवार’ म्हणतात. सहा महिन्यांनी, मार्च 2011 मध्ये, निवडणूक झाली. जपानातल्या फुकुशिमाची दुर्घटना नुकतीच घडलेली. 1953 पासून बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यावर राज्य करणारे काळे पायउतार झाले आणि जर्मनीला पहिला हिरवा मुख्यमंत्री मिळाला.

गोष्ट इथे संपली असती तर रंगांचा हिशेब बरोबर होता. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने जनमत घेतलं. राज्याने स्टेशनच्या खर्चातून अंग काढून घ्यावं का, असा प्रश्न होता. म्हणजे स्टेशन नको असेल तर ‘हो’ म्हणायचं. जवळजवळ 59 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. खुद्द श्टुटगार्ट शहरातही बहुमत स्टेशनच्या बाजूने गेलं. मार्चमध्ये हिरव्यांना सत्तेवर बसवलं आणि नोव्हेंबरमध्ये हिरव्यांना नको असलेलं स्टेशन हवं म्हटलं! सरकारातला धाकटा भागीदार, लाल पक्ष, तर पहिल्यापासून स्टेशनच्याच बाजूचा. विरोध करून निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांना पुढे तेच स्टेशन बांधावं लागलं. खर्च 11 अब्ज युरोंच्या पुढे गेला आहे आणि उद्घाटनाच्या तारखा पुढे ढकलण्याबाबत जर्मन रेल्वे आपल्या कोणत्याही खात्याच्या मागे नाही.

2011 मध्ये मुख्यमंत्री झालेले हे विनफ्रीड क्रेचमान म्हणजे स्वतःच एक कोडं. 1948 चा जन्म. तरुणपणी ते माओवादी गटात होते आणि त्यापायी शिक्षकाची सरकारी नोकरी हातची जाण्याची वेळ आली होती. पुढे जीवशास्त्राचे शिक्षक झाले, हिरव्यांच्या स्थापनेच्या काळापासून पक्षात राहिले. कॅथलिक धर्मावर गाढ श्रद्धा. काळ्या पक्षाच्या चॅन्सेलर मर्केलबाईंसाठी आपण रोज प्रार्थना करतो, असं त्यांनी 2016 मध्ये जाहीरपणे सांगितलं, आणि त्याच वर्षी काळ्यांनाच सोबत घेऊन सरकार बनवलं. 2017 मध्ये डिझेल गाड्यांवर बंदीचा वाद पेटलेला असताना आपण स्वतःसाठी डिझेल गाडी घेतल्याचंही सांगून टाकलं. नातवंडांना न्यायचं असतं, कधी टनभर वाळू आणायची असते, म्हणे. मर्सिडीज आणि बॉशच्या या राज्याने त्यांना 2016 आणि 2021 मध्ये पुन्हा निवडून दिलं. त्यांना डावं म्हणावं की उजवं?

असं कोडं आम्हाला नवं नाही, आमच्याकडे सेनापती बापट होऊनच गेले आहेत. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळवलेला हा माणूस 1921 मध्ये शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांना घेऊन सत्याग्रहाला बसला. पुढे याच लढ्यात त्यांनी रेल्वे अडवून बळाचा वापर केला आणि तुरुंग भोगला. हातात झाडू घेऊन रस्तेही त्यांनीच झाडले. त्यांना जहाल म्हणणाऱ्यांचीही पंचाईत आणि गांधीवादी म्हणणाऱ्यांचीही. जमीन बुडणाऱ्या शेतकऱ्याला मात्र ते नेमके कोणाच्या बाजूचे, हे पुरतं कळलं होतं.

मावळातल्या माझ्या कामशेतहून एक्स्प्रेस-वेकडे गेलं की बऊर लागतं. 9 ऑगस्ट 2011 रोजी तिथे पवना जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई. पवना धरणातलं पाणी बंद पाइपमधून निगडीला, पिंपरी-चिंचवडसाठी न्यायचं होतं. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी, आंदोलनात पुढे भाजप-शिवसेना. तेव्हा चित्र अगदी स्वच्छ वाटलं. पुढे 2014 मध्ये भाजप-शिवसेना राज्यात आली, 2017 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका भाजपकडे गेली, आणि चित्र गढूळ झालं. पिंपरीतला भाजपवाला पाणी मागतो, मावळातला भाजपवाला जलवाहिनी नको म्हणतो. कमळ दोघांच्याही गाडीवर. 2023 मध्ये राज्य सरकारने कामावरची स्थगिती उठवली, तेव्हा त्या सरकारात भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी असे तिघेही होते. पवनेच्या काठावरच्या माणसाचं मत 2011 पासून हललेलं नाही. हलले ते झेंडे.

2024 च्या विधानसभेत तर मावळने हद्द केली. 1995 पासून जवळजवळ पंचवीस वर्षं इथे भाजपचा आमदार. 2019 मध्ये भाजपमधलेच सुनील शेळके ऐन वेळी राष्ट्रवादीत गेले आणि भाजपच्या बाळा भेगडेंना हरवून आमदार झाले. पाच वर्षांनी ते महायुतीचे अधिकृत उमेदवार. त्यांच्याविरुद्ध राष्ट्रवादीतून बाहेर पडलेले बापू भेगडे अपक्ष. या अपक्षामागे महाविकास आघाडी उभी राहिली आणि स्थानिक भाजपचे बाळा भेगडेही. मोदींच्या सभेला जाणारे आणि शरद पवारांच्या सभेला जाणारे एकाच टेम्पोतून प्रचार करत होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मावळ पॅटर्न’ म्हटलं. शेळके एक लाखाहून अधिक मतांनी जिंकले. या मतांत हिंदुत्वाची किती, पुरोगामी किती, हे कोणी वेगळं काढून दाखवावं.

यावर ठरलेलं उत्तर असतं : सगळे संधिसाधू. नेत्यांबद्दल मला ते मान्य आहे. तिकीट, ठेके, चौकशीची भीती, यांपुढे विचारसरणी टिकत नाही. पण मतदाराला त्याच गोणीत भरणं चूक आहे. तो पक्ष बदलतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं मत जागच्या जागी असतं. त्याचं मत पाण्यावर, रिंगरोडच्या मोबदल्यावर, विकास सोसायटीच्या कर्जावर, पोराच्या तळेगाव एमआयडीसीतल्या नोकरीवर असतं, आणि ही सगळी मतं एका चिन्हात बसत नाहीत. म्हणून तर ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं. कामशेतसारख्या गावात पॅनेल लागतात आणि एकाच घरातले दोन भाऊ दोन पॅनेलना असतात. विधानसभेला पुन्हा एकत्र.

जर्मनांनी ही गोष्ट कायद्यात घेतली आहे. संसदेच्या निवडणुकीत प्रत्येकाला दोन मतं : एक उमेदवाराला, एक पक्षाला, आणि दोन्ही वेगवेगळ्या रंगांना देता येतात. या राज्यातल्या महापालिकेची तऱ्हा त्याहून न्यारी. श्टुटगार्टच्या सभागृहात 60 जागा, म्हणून मतदाराला 60 मतं. एका उमेदवाराला तीनपर्यंत द्या, वेगवेगळ्या पक्षांच्या याद्यांतली नावं उचलून आपली यादी बनवा. मतपत्रिका आधीच घरी येतात, माणसं जेवणाच्या टेबलावर बसून हिशेब करतात. मला इथे मत नाही. कामशेतच्या मतदार यादीत नाव असलं तरी बटण दाबायला तिथल्या बूथवरच जावं लागतं. तेव्हा मी नुसता बघ्या.

बघ्याला हेवा वाटतो तो ‘वाल-ओ-माट’चा. नागरिकांच्या राजकीय शिक्षणासाठी असलेली सरकारी संस्था 2002 पासून हे साधन चालवते. 38 विधानं असतात. सहमत, असहमत, तटस्थ, यांतलं एक निवडायचं. पक्षांनी आपली उत्तरं आधीच लेखी दिलेली असतात. शेवटी कोणत्या पक्षाशी किती जुळतं ते दिसतं. 2021 च्या निवडणुकीत ते दोन कोटींहून अधिक वेळा वापरलं गेलं. कट्टर हिरव्याचं काळ्यांशी निम्मं जुळल्याचे किस्से ऑफिसात आठवडाभर चालतात.

पुण्यात संगणकवाल्यांना तोटा नाही. त्यांच्यापैकी कोणीतरी मावळ तालुक्यासाठी असं साधन मराठीत करावं. 38 विधानं नकोत, पंधरा पुरेत : रिंगरोड, पश्चिम घाटातलं संवेदनशील क्षेत्र, लोणावळ्याची शनिवार-रविवारची वाहतूक, धरणाकाठचे बंगले. उमेदवारांकडून उत्तरं सहीनिशी घ्यावीत. आणि पहिलं विधान पवना जलवाहिनीचं असू द्यावं.