छात्राध्यापकांची अभिवृत्ती आणि ‘तंत्रज्ञान’ हा शब्द

छात्राध्यापकांची तंत्रज्ञानविषयक अभिवृत्ती तपासणाऱ्या प्रबंधांची रीत बहुधा एकच असते. ‘वर्गात तंत्रज्ञान वापरल्याने अध्यापन परिणामकारक होते’ अशी काही विधाने छापावयाची आणि ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ या पाच पर्यायांपैकी एकावर खूण करावयास सांगावयाचे. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलेली ही पद्धती आजही टिकून आहे, यातच तिची सोय दिसून येते. तथापि अशा प्रश्नावलीने नेमके काय मोजले जाते, हा प्रश्न भाषाभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

प्रथम ‘तंत्रज्ञान’ हा शब्दच पाहावा. भिंतीवर चित्र दाखविणारा प्रक्षेपक, ध्वनिमुद्रित उतारा, विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइल या सर्वांना तो सारखाच लागू पडतो. उत्तर देणाऱ्याच्या मनापुढे यांपैकी कोणती वस्तू होती, हे खुणेवरून कळत नाही. शिवाय या शब्दाला प्रगतीचा सुगंध आहे. त्याच्याशी असहमत होणे म्हणजे आपण मागासलेले आहोत असे लिहून देणे होय. त्यातून प्रश्नावली वाटणारे प्राध्यापकच सराव पाठांना गुण देणारे असले, तर खूण कोठे पडेल हे सांगावयास नको. सारांश, पुष्कळदा मोजली जाते ती त्या शब्दाची प्रतिष्ठा.

बोलणे आणि वागणे यांतील हे अंतर नवे नाही. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास करताना २५१ उतारगृहांना व उपाहारगृहांना भेट दिली. नकार मिळाला तो एकदाच. पुढे पत्राने विचारणा केली असता, उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिकांनी चिनी पाहुण्यांना घेणार नाही असे कळविले. हे निष्कर्ष १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे शब्द कृतीहून अनुदार होते. छात्राध्यापकांच्या बाबतीत ते कृतीहून उदार असण्याचा संभव अधिक.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये संगणकीय साधनांच्या स्वीकारासंबंधी दाखविले, की साधन वापरावयास सोपे वाटण्यापेक्षा ते उपयुक्त वाटण्याशी त्याच्या वापराचा संबंध अधिक घनिष्ठ असतो. मात्र उपयुक्तता ही नेहमी कशासाठी तरी असते, आणि वर्गात ती पाठागणिक बदलते. मराठीचाच दाखला घेऊ. ‘जग’ हे नाम तालव्य ‘ज’ने उच्चारले जाते, तर ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘जग’ दंततालव्य ‘ज’ने. लिपी हा भेद दाखवीत नाही; फळा आणि खडू येथे थिटे पडतात. ध्वनिमुद्रण मात्र तो तत्काळ कानावर घालते. या पाठात साधनाला नकार देणाऱ्या छात्राध्यापकाला आपण त्याचे कारण अवश्य विचारावे.

आता दुसरा पाठ कल्पावा. वर्गातील मुले घरी ‘पानी’ म्हणतात आणि ध्वनिमुद्रणातील प्रमाण आवाज ‘पाणी’ म्हणतो. प्रमाण उच्चार शिकविणे हे शाळेचे कामच आहे. परंतु यंत्रातील आवाज मुलाच्या घरची बोली समजून घेत नाही. तो केवळ आपला उच्चार पुन्हा पुन्हा ऐकवितो, आणि आपल्या आईचे बोलणे अशुद्ध आहे अशी मुलाची समजूत होण्याची भीती असते. एखादी छात्राध्यापिका हे ओळखून ते साधन त्या दिवशी बाजूस ठेवते. तिचा हा संकोच अज्ञानातून आलेला नसून तो अध्यापकीय विवेक आहे. प्रश्नावलीत मात्र त्याची नोंद ‘प्रतिकूल अभिवृत्ती’ या स्तंभात होते, आणि तिच्यासाठी अधिक प्रशिक्षणाची शिफारस केली जाते! उलट, काहीही न विचारता प्रत्येक पाठात चित्रफीत दाखविणारा ‘अनुकूल’ ठरतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या द्विवर्षीय बी. एड्. आराखड्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या ‘चिकित्सक’ आकलनाचा अंतर्भाव करण्यात आला. हे विशेषण संशोधकांनीही मनावर घ्यावयास हवे. सर्वसामान्य विधानांऐवजी एक विशिष्ट पाठ पुढे ठेवावा; येथे कोणते साधन घ्याल, का घ्याल आणि केव्हा टाळाल, असे विचारावे. प्रश्नावलीबरोबर पाठाची टाचणेही वाचावीत, आणि गुणदान करणाऱ्याने उत्तरे गोळा करू नयेत. अशा रीतीने मिळालेली सामग्री कोष्टकात बसविणे कठीण जाईल हे खरे. परंतु भावी शिक्षक साधनाविषयी कसा विचार करतो, हे तिच्यावरूनच समजेल.