जिभेला लुकमा

तरावीहच्या नमाजीत हाफिजसाहेब कुरआन तोंडपाठ म्हणत असतात. अधूनमधून एखाद्या आयतीवर जीभ अडते. दोन आयती जवळपास सारख्या असतात, एकीतून दुसरीत पाय घसरतो आणि क्षणभर मशीद स्तब्ध होते. तेव्हा मागच्या रांगेतला दुसरा हाफिज, ज्याला सामे म्हणतात, पुढचा एखादा शब्द उच्चारतो. तेवढे पुरते. पठण पुन्हा वाहू लागते. याला लुकमा देणे म्हणतात. लुकमा म्हणजे घास. देणारा चूक उगाळत नाही, समजावत बसत नाही. घास देतो आणि गप्प होतो.

पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घरात याच्या नेमके उलटे चालते. सगळे मिळून त्याला बोलायला लावतात. "बोला ना, हे काय आहे? पेला म्हणा, पेला! काल तर म्हणाला होतात!" प्रेमापोटीच चालते हे सारे, पण समोरच्या माणसाची रोज तोंडी परीक्षा होते आणि रोज तो नापास होतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांमुळे मी या विषयाकडे वळलो. चाचा एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. अनेक वर्षे मिरज-पंढरपूर गाडीवर काढलेली. दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. पाणी हवे असले की हात हलवायचे, डोळे मोठे करायचे, शेवटी चिडून रडायचे. मुलगी विचारायची, "अब्बा, पानी होना?" तेव्हा मान हलायची. शब्द मात्र फुटत नसे. त्याच चाचांसमोर कुणी "अल्हम्दु..." सुरू केले की ते अख्खी सूरह फातिहा म्हणून मोकळे. एकपासून वीसपर्यंत आकडे सरळ. जुन्या एका ड्रायव्हर मित्राने गंमत म्हणून "मिरज..." असे हाळी दिल्यासारखे म्हटले, तर चाचा सुरू झाले: कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला, पंढरपूर! घरात हशा पिकला आणि मागोमाग भांडण लागले. मुलाचे म्हणणे, अब्बा मुद्दाम बोलत नाहीत, एवढे येते तर पाणी का मागता येत नाही? शेजारच्या बायांचे म्हणणे, दुआ कबूल झाली, आता बोलणे येणारच, मग ती स्पीच थेरपी हवी कशाला? थेरपी महिनाभर बंदही पडली.

दोन्ही बाजूंची समजूत चुकीची होती, आणि अशी गल्लत कित्येक घरांत होते.

मेंदूला इजा झाल्यावर बोलणे तीन तऱ्हांनी बिघडू शकते. एकात ओठ, जीभ, घसा यांचे स्नायूच कमकुवत होतात, शब्द ठाऊक असतो पण उच्चार बोबडा येतो. त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. दुसऱ्यात स्नायूंत पुरेसा जोर असतो, पण कोणता आवाज आधी आणि कोणता नंतर काढायचा, ही जुळणी बिघडते. माणूस चाचपडतो, एकच शब्द दर वेळी वेगळा चुकतो. हा ॲप्रॅक्सिया. तिसरा अफेझिया, म्हणजे वाचाघात. यात भाषाच विस्कटते, शब्द सापडत नाहीत, कधी दुसऱ्याचे बोललेलेही नीट कळत नाही. एकाच माणसात यातले दोन-तीन प्रकार एकत्र असू शकतात. बुद्धी गेली, वेड लागले असा मात्र याचा अर्थ नाही.

आता चाचांचे कोडे. ते तसे फार जुने आहे. 1745 साली स्वीडनमधल्या ओलोफ डालिन यांनी अशाच एका माणसाची हकीकत लिहून ठेवली. उजवे अंग लुळे, बोलणे गेलेले. पण आजारापूर्वी शिकलेली काही भजने तो स्वच्छ गाऊ शके. सुरुवातीला दुसऱ्या कुणीतरी सोबत गाऊन थोडा हात द्यावा लागे, मग गाडी चाले. तसाच आधार मिळाला की पाठ असलेल्या काही प्रार्थनाही तो एका ठेक्यात म्हणून दाखवी. त्या स्वीडिश चर्चमधला तो शेजारी सामेच म्हणायचा!

पुढे 1861 मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. तो कशालाही उत्तर म्हणून 'तान, तान' एवढेच म्हणे, पण रागावला की तोंडून शिवी निघे. हा रुग्ण वारल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा आढळली. त्या भागाला आज ब्रोका यांचेच नाव आहे. लंडनचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी नंतर अशा रुग्णांवरून एक साधी पण खोल गोष्ट मांडली. आपण बोलतो ते दोन प्रकारचे असते. एक, त्या क्षणी विचार करून जुळवलेले वाक्य: 'मला पाणी दे, पण थंड नको.' दुसरे, हजारदा म्हणून झिजून गुळगुळीत झालेले: आकडे, वारांची नावे, सलाम, शिवी, प्रार्थना. पहिले डाव्या मेंदूवर फार अवलंबून असते. दुसऱ्याला इतर वाटाही असतात, त्यात मेंदूची उजवी बाजू आणि सवयी सांभाळणारे आतले भाग येतात. डावीकडे इजा झाली तर पहिले कोसळते, दुसरे बऱ्याचदा तग धरते.

म्हणून चाचा नाटक करत नव्हते, आणि फातिहा आली म्हणजे बोलणे परत आले असेही नव्हते. आपल्या गावात हरिपाठ म्हणणाऱ्या आजी असतात, रामरक्षा पाठ असलेले आजोबा असतात. जुन्या शाळेत शिकलेल्या पिढीला तर पाढेही आहेत. पक्षाघातानंतर या सगळ्यांचे असेच होऊ शकते. मेंदू धर्म विचारत नाही. शब्द किती वेळा घोटला गेला आहे, एवढेच त्याला कळते. नमाजीनंतर तसबीहवर 33, 33 आणि 34 वेळा म्हटले जाणारे शब्द असोत की जपमाळेवरचे नाम, रोजच्या घोटण्याने ते जिभेच्या वळणातच बसतात.

मग या घोटलेल्या शब्दांची वाट वापरून नवे बोलणे परत आणता येईल का? 1973 साली अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी एक पद्धत मांडली. रोजच्या गरजेचे छोटे वाक्य सुरात, लांबवून म्हणायचे, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा. आधी थेरपिस्टसोबत, मग त्याच्यामागून, मग एकट्याने, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. 2011 मध्ये डोक्यात गोळी लागून बोलणे गेलेल्या अमेरिकेच्या खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या उपचारात गाण्याचा वापर झाला, तेव्हा ही गोष्ट जगभर पोहोचली. मात्र त्याच वर्षी जर्मनीतल्या लाइपझिगच्या बेंजामिन स्टाल आणि सहकाऱ्यांनी 17 रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुरापेक्षा ठेका आणि शब्दांची जुनी ओळख यांचाच आधार मोठा दिसला. मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही. ज्याने मदरशातली मुले डुलत डुलत सबक घोकताना पाहिली आहेत, त्याला ठेक्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही.

पण घोकंपट्टीची एक मर्यादा आहे आणि ती घरच्यांना कुणी स्पष्ट सांगत नाही. जो शब्द घोकला, तोच सुधारतो. ब्रिटनमध्ये 278 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. घरी संगणकावर स्वतःच्या निवडीचे शब्द महिनोन् महिने रोज म्हणणाऱ्यांना ते शब्द खरोखरच जास्त सापडू लागले. गप्पागोष्टींत मात्र त्याने फरक पडला नाही. याउलट 2017 मधल्या जर्मन अभ्यासात, पक्षाघात होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपिस्टकडून सराव मिळाला आणि त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले. 'सहा महिने झाले, आता काही होणार नाही' हे वाक्य इस्पितळांच्या बाकांवर सर्रास ऐकू येते. ते खरे नाही.

आणखी एक धोका. काही रुग्णांचा शब्द चिकटतो. कप दाखवला, 'चहा' म्हणाले. चष्मा दाखवला, तरी 'चहा'. किल्ली दाखवली, पुन्हा 'चहा'. अशा वेळी "नाही, नीट म्हणा" करत रेटले की शब्द आणखी घट्ट चिकटतो. थांबावे, वस्तू बाजूला ठेवावी, दुसरे काही बोलावे आणि मग पुन्हा यावे.

चाचांची थेरपी पुन्हा सुरू झाली, तेव्हा थेरपिस्ट मुलीने घरच्यांना पहिली गोष्ट शिकवली ती लुकम्याचीच. अर्थात तिने तो शब्द वापरला नव्हता. पाणी दाखवायचे आणि "पा..." म्हणून ओठ दिसतील असे थांबायचे. मनात पाच-सात अंक मोजायचे. आले तर ठीक. नाही आले तर शब्द पूर्ण म्हणून लगेच पाणी द्यायचे. शब्द आला नाही म्हणून पाणी अडवायचे नाही. शब्द रोजच्या गरजेचे निवडायचे: पाणी, दुखते, नको, पंखा, नातवाचे नाव. थोडे थोडे, दिवसातून अनेकदा, आणि शब्द जिथे लागतो तिथेच. चाचांच्या बाबतीत तिने त्यांच्या जुन्या हाळीचा ठेका उचलला. 'चला, पुढे चला' हे शब्द त्यांच्या तोंडात होतेच. त्यातला 'चला' बाहेर फिरायला जायच्या वेळी म्हणवून घेतला. तो आज त्यांचा स्वतःचा, अर्थाने वापरलेला शब्द आहे. 'पाणी' यायला त्याहून चार महिने जास्त लागले.

भाषेचा प्रश्नही येतो. घरात दख्खनी, बाहेर मराठी, नमाजीत अरबी. काही घरांत 'एकच भाषा ठेवा, गोंधळ होतो' असा सल्ला मिळतो. हैदराबादमध्ये पक्षाघाताच्या 608 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, नंतर बुद्धीची कामे शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत 40.5 टक्के होते, एकभाषिकांत 19.6 टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोघांत फरक नव्हता. भाषा हे ओझे नाही, एवढे तरी यातून दिसते. ज्या भाषेत माणूस पाणी मागत आला आहे, त्या भाषेत त्याला मागू द्यावे.

रमजानमध्ये अशा माणसाच्या मनात एक वेगळीच खंत असते. कुरआन वाचता येत नाही, दुआ अर्धी राहते. त्याला आठवण करून द्यावी की अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, असा आशय बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. जीभ चालतच नसेल तर पठण माफ आहे. सूरह ताहामध्ये हजरत मूसा आपल्या जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ मागतात, आणि तेवढ्यावर न थांबता भाऊ हारून यांनाही सोबतीला मागून घेतात. पैगंबरालाही बोलण्यासाठी सोबती हवासा वाटला, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो.

याच महिन्यात एक सावधगिरीही हवी. दुपारी किंवा इफ्तारच्या आधी कुणाची जीभ अचानक जड झाली, तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, तर 'रोजा लागला असेल, खजूर खाल्ली की बरे वाटेल' म्हणून वाट पाहू नये. गिळणे बिघडलेले असू शकते, त्यामुळे तोंडात काही घालू नये. मधुमेह असेल तर लगेच साखर मोजावी, त्याने रोजा तुटत नाही असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. आणि थेट सीटी स्कॅन असलेले इस्पितळ गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्रास किती वाजता सुरू झाला, हे लिहून ठेवलेले बरे.

वाचाघात कायमचा राहिला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची गणना आहे आणि दाखला मिळू शकतो. हे पुष्कळांना ठाऊकच नसते. वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे.

ईदला चाचांच्या घरी माणसांची रीघ लागते. गेल्या ईदला सगळे एकदम बोलत होते, टीव्ही सुरू होता आणि चाचा भिंतीकडे तोंड करून बसले. यंदा मुलीने आधीच ठरवले आहे: टीव्ही बंद, एका वेळी दोनच पाहुणे. 'कसे आहात, ओळखलेत का, माझे नाव सांगा' असे कुणी विचारायचे नाही. समोर बसून सलाम करायचा आणि थांबायचे. 'वालेकुम सलाम' यायला त्यांना पाच-सहा सेकंद लागतात. शीरखुर्मा आणखी हवा का, हे वाटी दाखवून विचारायचे. त्याला 'नको' म्हणता येते त्यांना, आणि गोड कमी खायला डॉक्टरांनी सांगितले असूनही ते अजून एकदाही म्हटलेले नाही.