‘सबळ कारण’ कोणी ठरवायचे?



गेल्या फेब्रुवारीत कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत गेले होते. एका झोपडीपुढे वीटभट्टीचा मुकादम कागद घेऊन उभा होता. आत दोन दिवसांची बाळंतीण निजलेली. दिवाळीपूर्वी नवराबायकोने मिळून वीस हजारांची उचल घेतली होती. दिवस भरत आले तशी ती एकटीच वाडीवर परतली. नवऱ्याला भट्टीवरच थांबवून घेतले होते आणि त्याचा फोनही काढून घेतला होता.

कागदावर एक वाक्य होते : सबळ कारणाशिवाय काम मध्येच सोडल्यास उचलीची रक्कम दुप्पट परत करीन. खाली नवऱ्याचा अंगठा. मी मुकादमाला विचारले, “दादा, बाळंतपण हे सबळ कारण नाही का?” तो म्हणाला, “ताई, बाळंतपण काय अचानक आलं? उचल घेताना ठाऊक नव्हतं?” आतून ती बाई एवढेच म्हणाली, “आम्ही पळून नाय आलो, ताई.”

आपल्या वाड्यांवर असे कागद दर वर्षी दिवाळीच्या सुमारास होतात. म्हणून ‘सबळ कारण’ या दोन शब्दांविषयी लिहीत आहे.

कोणत्याही करारात काम सोडण्याची कारणे दोन प्रकारे लिहितात. एक, यादी देऊन : आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, मारहाण, मजुरी न मिळणे. यादीचा फायदा असा की वाद कमी होतात. तोटा असा की जे लिहायचे राहिले ते नाकारता येते. दुसरा प्रकार म्हणजे ‘सबळ कारण’, ‘योग्य कारण’ असा मोघम शब्द घालणे. त्यात सगळे मावते, पण ते मावते की नाही हे कोण ठरवणार, हे कागद सांगत नाही. मग ज्याच्या हातात पैसा आणि वही, तोच ठरवतो. त्यामुळे कागद वाचताना तीन प्रश्न विचारावेत : कारणे कोणती? ती पटली की नाही हे कोण ठरवणार? आणि नाही पटली तर काय होणार?

हे शब्द जुने आहेत. इंग्रज सरकारने 1859 साली एक कायदा केला. आगाऊ पैसे घेतलेल्या मजुराने वाजवी कारणाशिवाय काम सोडले, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. मजुराने पैसे परत करावेत की काम पुरे करावे, हेही मालकानेच निवडायचे. तो हुकूम मोडला तर मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर त्याला मात्र तुरुंग नव्हता. हा कायदा 1925 साली रद्द करण्यात आला. कायदा गेला, पण ‘पळालास तर पोलिसात देईन’ ही धमकी वाड्यांवर आजही ऐकू येते.

आज कायदा काय सांगतो, ते सोप्या शब्दांत मांडते.

पहिली गोष्ट, नुसते काम सोडणे हा गुन्हा नाही. भट्टी सोडण्यासाठी मजुराला कोणाच्या परवानगीची गरज नाही. प्रामाणिक व्यवहारातले पैसे अंगावर राहिले असतील तर ते देणे आहे. देण्यासाठी हिशोब मागता येतो, माणूस अडकवून ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट, ‘दुप्पट परत करीन’ असे लिहून दिले म्हणून दुप्पट द्यावेच लागते असे नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कागदावर दंड कितीही लिहिलेला असो, न्यायालय वाजवी भरपाईच देववू शकते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे उचलीच्या बदल्यात मजुराला फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबावे लागत असेल, दुसरीकडे काम करायची मोकळीक नसेल, किंवा हवे तेथे जाता येत नसेल, तर ती वेठबिगारी ठरते. मग तो करारच रद्दबातल होतो आणि उचल फेडण्याची जबाबदारीही संपते. म्हणजे तेथे ‘सबळ कारण’ दाखवण्याचा प्रश्नच उरत नाही. वेठबिगारीतले देणे असल्याचा दावा मजुराने केला, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम 15 ने सावकारावर टाकला आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हेदेखील राज्यघटनेच्या कलम 23 खाली सक्तीचे काम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितले आहे.

येथे एक सावधगिरी. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. मजुरी पुरेशी मिळते, येण्याजाण्याची मोकळीक आहे, वही उघडी आहे, तर घेतलेले पैसे फेडणे हा आपलाही धर्म आहे. हे मी वाडीवर स्पष्ट सांगते, कारण खोट्या तक्रारीने खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते.

मग काय करावे? उचल घेताना रक्कम, तारीख आणि हजार विटांचा दर लिहून घ्यावा आणि कागदाचा फोटो काढून ठेवावा. ‘सबळ कारण’ एवढेच लिहिले असेल तर पुढे आजारपण, बाळंतपण, मृत्यू, मारहाण, मजुरी थकणे ही कारणे घालायला सांगावी आणि शेवटी ‘इत्यादी’ लिहावे. दर आठवड्याला किती विटा पाडल्या आणि किती खर्ची मिळाली हे घरातल्या शिकत्या मुलाकडून वहीत लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. कोणाला अडवून ठेवले असेल तर तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा. वेठबिगारीसाठी जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे.

त्या बाळंतिणीच्या बाबतीत आम्ही तहसील कार्यालयात अर्ज दिला. चौकशीची नोटीस गेली आणि चौथ्या दिवशी नवरा वाडीवर आला. बाळाचे तोंड त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. हिशोबाचा वाद अजून संपलेला नाही. मुकादमाच्या वहीत त्यांच्या कित्येक आठवड्यांच्या विटा लिहिलेल्याच नाहीत. चौकशी चालू आहे, आपण प्रार्थनेत आठवण ठेवावी.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. राहेलीसाठी त्याने लाबानाकडे सात वर्षे चाकरी केली, पण पदरी लेआ आली आणि आणखी सात वर्षे राबावे लागले. वेतन तर लाबानाने दहा वेळा बदलले. शेवटी याकोब न सांगता निघाला तेव्हा लाबान सात दिवस पाठलाग करत आला आणि ‘चोरून का निघालास?’ असे त्याने विचारले. वीस वर्षांच्या हिशोबात आपण काय केले, हे मात्र तो बोलला नाही. संडेस्कूलमध्ये ही कथा शिकवताना मी याकोबाच्या लबाडीवर बोलत असे. आता लाबानाच्या त्या प्रश्नावर थांबते.

आपल्या मंडळीतही भट्टी, शेत किंवा बांधकाम चालवणारे बंधू आहेत. कोणी काम सोडून गेला तर तो का गेला हे विचारण्याआधी आपली वही उघडून पाहावी, एवढी त्यांना नम्र विनंती. आणि ज्यांच्या घरात असा अंगठ्याचा कागद असेल त्यांनी दिवाळीपूर्वी तो आमच्याकडे घेऊन यावा. आपण तो एकत्र बसून वाचू.