इंजिन बदलण्यापूर्वी ताळा पाहावा

व्यापारी घरात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी एक दृश्य पाहिलेले असते. दुकान वाढवून झाले आहे, जेवणे उरकली आहेत, आणि वडील अजून गादीवर रोजमेळ उघडून बसले आहेत. शिल्लक जुळत नाही. एकदा आमच्या घरी असाच सत्तावीस रुपयांचा फरक निघाला होता. मी म्हणालो, "सत्तावीस रुपयांसाठी एवढे जागरण कशाला?" वडील म्हणाले, "सत्तावीसला नऊने भाग जातो. म्हणजे कोठेतरी आकडे उलटे पडले आहेत." अर्ध्या तासात त्यांनी चूक काढली. ५८ च्या जागी ८५ लिहिले गेले होते. वही मिटताना ते म्हणाले, "मेळ बसत नाही म्हणून कोणी वही फाडत नाही. फरकच सांगतो, चूक कोठे शोधायची."

हे वाक्य मला चाळीस वर्षांनी मोटारीच्या कारखान्यात आठवले, आणि त्याने माझे लाखभर रुपये वाचवले. आपल्यापैकी बहुतेकांचे व्यवहार गाडीवर चालतात. पेढी, बाजार समिती, लग्नकार्य, दवाखाना, सारे काही गाडीवर. म्हणून तो अनुभव, आणि त्या निमित्ताने जे शिकलो ते, वाचकांपुढे ठेवतो.

घाटातला धक्का

गेल्या पावसाळ्यात पुण्याचे काम आटोपून सांगलीला परतत होतो. गाडी नऊ वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, कंपनीचेच सीएनजी किट बसवलेली. सपाट रस्त्यावर ती नेहमीसारखी चालली होती. खंबाटकी घाटाचा चढ लागला आणि तिने गचके द्यायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबावा तो ताकद कमी व्हावी, सारी गाडी थरथरावी. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. गॅरेजच्या भाषेत याला 'गाडी मिसिंग करते' असे म्हणतात.

घाट उतरून गाडी महामार्गालगतच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी संगणक जोडला, दहा मिनिटे पाहिले आणि निर्णय दिला, "तिसरा सिलिंडर मेला आहे. इंजिन खोलण्यात अर्थ नाही. तयार इंजिन बसवू. १,३५,००० रुपये होतील." हळदीचा हंगाम नसला तरी माणसे, माल आणि वेळ यांचा ताण होताच. मी जवळजवळ होकार दिला होता. मग सवयीने विचारले, "सिलिंडरचा दाब किती आला?" उत्तर मिळाले, "दाब मोजला नाही. पण अनुभवाने कळते."

वहीत बेरीज न करता कोणी सांगितले की खाते बुडाले, तर आपण मान्य करू का? मी गाडी उचलून नेणारे वाहन मागवले आणि ती सांगलीला आमच्या जुन्या मिस्त्रींकडे पाठवली.

मिसिंग म्हणजे काय

मिस्त्रींनी प्रथम जे समजावले ते प्रत्येक गाडीमालकाने ध्यानात ठेवावे असे आहे. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टनचे चार फेरे असतात: हवा व इंधन आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. जर्मनीत निकोलाऊस ऑटो यांनी १८७६ साली याच तत्त्वावरचे इंजिन चालवून दाखवले, आणि आजही आपल्या गाड्या त्याच क्रमाने चालतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, ठिणगी पडावी लागते. त्यांतल्या काही वेळा इंधन पेटलेच नाही की गाडी गचका देते.

इंधन न पेटण्याची कारणे शेवटी तीनच. ठिणगी नाही, हवा आणि इंधन यांचे प्रमाण बिघडले आहे, किंवा सिलिंडरमध्ये पुरेसा दाब नाही. पहिल्या दोन कारणांचा खर्च सहसा हजारांत असतो. तिसऱ्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून शोधाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. अनेकदा होते ते नेमके उलट.

दिव्याची भाषा

इंजिनाचा दिवा स्थिर पेटला असेल तर दोष नोंदवला गेला आहे. गाडी लवकर दाखवावी. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग तीव्र आहे आणि न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जात आहे. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि त्याला अतोनात तापवते. या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो महाग असतो. लुकलुकत्या दिव्याने 'घरापर्यंत तरी जाऊ' म्हणणे म्हणजे लहान दुरुस्तीला मोठी जोडून घेणे. त्या दिवशी मी लवकर थांबायला हवे होते, हे मिस्त्रींनी मला स्पष्ट सांगितले.

क्रमांक सांगतो कोठे, कारण सांगत नाही

स्कॅनर जोडला की गाडीचा संगणक दोषाचा क्रमांक देतो. 'पी ०३०१' म्हणजे पहिला सिलिंडर, 'पी ०३०२' दुसरा, याप्रमाणे. 'पी ०३००' म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरशी बांधलेले नाही. तेव्हा साऱ्या सिलिंडरांना समान असलेली कारणे आधी पाहावीत. इंधनाचा कमी दाब, पाणी मिसळलेले पेट्रोल, हवेच्या नळीतील गळती, घाणेरडा एअर फिल्टर ही त्यांतली नेहमीची.

माझ्या गाडीत 'पी ०३०३' होता. पहिल्या वर्कशॉपने तोच वाचला होता. चूक वाचण्यात नव्हती, अर्थ लावण्यात होती. रोजमेळातला फरक कोणत्या पानावर आहे एवढेच त्या क्रमांकाने सांगितले. त्या पानावरील कोणती नोंद चुकली हे शोधायचे बाकी होते.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून थंड होऊ दिले. तिसऱ्या सिलिंडरवरची इग्निशन कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. जुना क्रमांक पुसला, गाडी फिरवून आणली आणि पुन्हा स्कॅनर लावला. आता क्रमांक आला 'पी ०३०१'. दोष कॉइलबरोबर सरकला होता. एकही सुटा भाग विकत न घेता, वीस मिनिटांत, दोषी कोण हे सिद्ध झाले. क्रमांक तिसऱ्यावरच राहिला असता तर हीच अदलाबदल प्लगची, नंतर इंजेक्टरची करायची होती.

कॉइल १२ व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्ट तयार करते. म्हणून चालू इंजिनवर ती उपटून पाहण्याचा प्रयोग घरी करू नये. त्याने माणसालाही धोका आणि गाडीच्या संगणकालाही.

प्लग बोलतो

नंतर चारही प्लग काढून ओळीने कागदावर मांडले. निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी वा करडे असते. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त जाते आहे. तेलकट ओला असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येत आहे. पांढरा पडून फोड आलेला असेल तर सिलिंडर फार तापतो आहे. चार प्लगांपैकी एकच अगदी धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये कुलंट शिरत असण्याची शंका घ्यावी.

माझा तिसरा प्लग आतून ठीक होता. पण त्याच्या वरच्या अंगाला ऑइल लागले होते. इंजिनावरच्या झाकणाचे गॅस्केट म्हातारे झाले होते. त्यातून प्लगच्या खोबणीत ऑइल झिरपत होते, त्याने कॉइलचे रबर खराब झाले होते, आणि ठिणगी प्लगच्या टोकाशी पोहोचण्याऐवजी बाजूलाच निसटत होती. सपाट रस्त्यावर हे खपून जाई. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, तेथे ती कमी पडे. ओझे आले की दोष दिसतो, हे माणसांप्रमाणे यंत्रालाही लागू आहे.

येथे एक गोष्ट महत्त्वाची. नुसती कॉइल बदलली असती तर गाडी सुधारली असती, आणि ऑइलने पुढे नवी कॉइलही खाल्ली असती. दोष सापडला तरी दोषाचे मूळ सापडेपर्यंत काम पुरे होत नाही.

आपल्याकडची काही खास कारणे

सीएनजी गाडी असेल तर ती दोन्ही इंधनांवर चालवून पाहावी. केवळ गॅसवर मिसिंग असेल तर गॅसचे फिल्टर, इंजेक्टर पाहावेत. मात्र सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवर दगा देतो. म्हणून सीएनजी गाडीचे प्लग लवकर तपासावेत. बोनेट उघडून पाण्याचा फवारा मारून गाडी धुतली, किंवा मुसळधार पावसात उभी राहिली, तर प्लगच्या खोबणीत पाणी साचू शकते. आणि धान्याच्या गोदामाशेजारी गाडी ठेवणाऱ्यांनी वायरी अवश्य पाहाव्यात. उंदराने कुरतडलेली एक बारीक वायर इंजिन मेल्याचे सोंग आणू शकते. उंदराशी वैर धरण्याचे कारण नाही, गाडीची जागा बदलावी.

शेवटचा ताळा: दाब

तरीही मिस्त्रींनी दाब मोजलाच. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, इंधन व ठिणगी तोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला मापक लावून स्टार्टर फिरवलेला. आकडे आले १२.२, १२.०, ११.८ आणि १२.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. 'मेलेला' तिसरा सिलिंडर इतरांच्या बरोबरीने जिवंत होता.

दाब कमी आला असता तरी लगेच इंजिन बदलायचे नसते. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळालेले असू शकते. पुढे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कोठून निसटते हे ऐकतात. धुराच्या नळीत सूं आवाज आला तर धुराचा व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

माझ्या आतेभावाच्या बाबतीत बातमी खरोखर वाईट होती. तापमानाचा काटा वर गेला असताना त्यांनी गाडी पंधरा किलोमीटर रेटली. दुसरा व तिसरा सिलिंडर निम्म्या दाबावर आले. त्यांनाही पूर्ण इंजिनच सुचवले होते. पण मोजमापानंतर हेड उतरवून सपाट केले, गॅस्केट बदलले, आणि निम्म्याहून कमी खर्चात गाडी उभी राहिली. ब्लॉकला तडा गेला, क्रँकच्या बेअरिंगचा ठोका येऊ लागला, किंवा सिलिंडरच्या भिंती खोल खरवडल्या गेल्या, तर मात्र इंजिनाचा विचार करावा लागतो. तेथे हट्ट धरण्यात शहाणपण नाही.

होकार देण्यापूर्वी

इंजिन बदला असे कोणी सांगितले तर शांतपणे चार गोष्टी मागाव्यात: दोषाचा क्रमांक, चारही सिलिंडरांचे दाब, सुट्या भागांचा व मजुरीचा वेगळा लेखी अंदाज, आणि काढलेले जुने भाग. मग दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे. इंजिन बदलणे अटळच ठरले तर नव्या इंजिनाचे पक्के बिल घ्यावे, त्याचा क्रमांक आरटीओकडून आरसीवर नोंदवून घ्यावा आणि विमा कंपनीस कळवावे. बिलाविना स्वस्त मिळालेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

माझे बिल असे झाले: कॉइल २,९५०, चार प्लग १,६८०, झाकणाचे गॅस्केट व सील १,२१०, मजुरी १,८००; एकूण ७,६४०. गाडी सांगलीला आणण्याचे ७,५०० धरले तरी १५,१४० रुपये. १,३५,००० शी तुलना केली तर वाचले १,१९,८६०.

त्या वर्कशॉपच्या माणसांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांनी मोजले नाही, एवढेच. आणि घाईत, थकव्यात, मीही न मोजता पैसे देणारच होतो. गाडी सोडवून आणली त्या रात्री हे बिल खर्चाच्या वहीत चढवले. वडिलांच्या गादीवरच बसलो होतो. बेरीज पुन्हा एकदा तपासली. जुळली.