माळ्यावर पोलाद चढवताना

माळा म्हटला की अडगळीची भांडी, मोडका पाळणा आणि वर्षाकाठी एकदा लागणाऱ्या वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमधील दुपाखी घरांतही छपराखालच्या पोकळीची गत फारशी निराळी नसे. पुढे जागा महागली, मोठे घर घेणे परवडेना, आणि पुष्कळ कुटुंबांनी या पोकळीचीच राहती खोली करण्यास आरंभ केला. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही अशा घरांतून राहतात. तेव्हा ‘माळ्यावर खोली काढतो आहोत’ असा मुलाचा फोन आला, तर त्या कामात नेमके काय जोखमीचे असते, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

वरवर पाहता हे काम सुतारकीचे वाटते. त्याचा गाभा मात्र एका प्रश्नात आहे. घराचा भार आज कोणत्या वाटेने पायापर्यंत उतरतो, आणि उद्या कोणत्या वाटेने उतरणार?

दुपाखी छपराचे वासे आढ्याशी एकमेकांना टेकलेले असतात. कौलांच्या भाराने त्यांचे खालचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि भिंतींना लोटतात. दुहेरी शिडीचे पाय फाकू नयेत म्हणून आपण मध्ये दोरी बांधतो. छपरात त्या दोरीचे काम खालची आडवी लाकडे करतात. 1960 च्या दशकापासून तेथे कारखान्यात जुळवलेल्या कैच्यांची छपरे रूढ झाली. या कैच्यांची लाकडे बारीक असतात, परंतु प्रत्येक तुकडा दुसऱ्याला धरून असतो. माळ्याच्या मधोमध येणारी तिरपी लाकडे अडचणीची वाटतात खरी, पण ती कापली की सबंध कैची निकामी होते. घर फिरले की वासेही फिरतात, अशी आपली म्हण आहे. येथे प्रकार उलटा होतो. आधी वासे फिरतात आणि मागाहून घर.

दुसरी गोष्ट जमिनीची. माळ्याची आडवी लाकडे खालचे छत धरण्यापुरती असतात. त्यांवर सामानासाठी चौरस मीटरला सुमारे 25 किलो भार धरलेला असतो. राहत्या खोलीसाठी मात्र 150 किलो धरावा लागतो, म्हणजे सहापट. खोली 5 मीटर लांब व 4 मीटर रुंद असेल, तर माणसे आणि सामान मिळून 3,000 किलोंची तरतूद झाली. हा भार छताच्या लाकडांवर टाकता येत नाही. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणाऱ्या नव्या तुळयांवर घ्यावा लागतो.

या तुळया पोलादाच्याच कशाला, असे कोणी विचारील. खालच्या खोलीत मधे खांब उभा करता येत नाही, म्हणून तुळई लांब हवी. दर मीटरवरचा भार तोच ठेवून तुळईची लांबी दुप्पट केली, तर तिचा झोल सोळापट होतो. पोलाद लाकडाहून सुमारे वीसपट ताठ आहे, त्यामुळे थोड्या उंचीच्या तुळईत काम भागते आणि डोके आपटत नाही.

आता ती वर न्यायची कशी? सुमारे 200 मिलिमीटर उंचीची तुळई दर मीटरला 25 किलो भरते. 5 मीटरची तुळई 125 किलोंची झाली. अरुंद जिन्याच्या वळणावरून ती जात नाही. मग परांची बांधून छपराचा थोडा भाग उघडतात, किंवा बाजूच्या भिंतीला भोक पाडून ती आत सरकवतात, किंवा क्रेनने घरावरून उचलून आणतात. यांतले काहीच जमण्यासारखे नसेल, तर तुकडे वर नेऊन पट्ट्या व बोल्ट यांनी जोडतात. तुळईच्या मध्यावर वाकण्याचा ताण सर्वांत जास्त असतो. म्हणून सांधा कोठे घ्यायचा आणि बोल्ट किती लावायचे हे अभियंत्यानेच ठरवावयाचे असते. जागेवरच्या अंदाजाने ते ठरवू नये. टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा बसवतात, म्हणजे भार दोन-चार विटांवर न पडता भिंतीत पसरतो.

यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी तुळया, मग त्यांवर जमिनीची नवी लाकडे. ही खालच्या छताला न टेकता किंचित वर ठेवतात, नाहीतर वर मूल नाचले की खाली गिलाव्याला तडा जातो. मग वाशांना नवा आधार द्यावयाचा. हे सारे उभे राहिल्यावरच जुनी तिरपी लाकडे काढावयाची. खाली घरातली माणसे झोपलेली असताना हा क्रम बदलणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ होय.

शेजाऱ्याचाही यात संबंध येतो. घरांच्या सलग ओळीत तुळईचे टोक बहुधा सामाईक भिंतीत जाते. इंग्लंड व वेल्समध्ये 1996 च्या कायद्याने अशा कामाची लेखी सूचना दोन महिने आधी द्यावी लागते. आगीचाही विचार करावा लागतो. पोलाद जळत नाही, परंतु सुमारे 550 अंश सेल्सिअसला त्याची निम्मीअधिक ताकदच उरते. म्हणून तुळयांना जिप्समच्या तक्त्यांचे आवरण देतात. माणसांना जिना उतरून बाहेर पडण्यास त्यामुळे अवधी मिळतो.

आपल्याकडे जुन्या वाड्याची तुळई बदलतानाही हाच नियम लागू आहे. करवत चालण्यापूर्वी मिस्त्रीला एवढेच विचारावे: हे लाकूड आज काय धरून आहे, आणि ते काढल्यावर तो भार कोण घेणार? नकाशावर बोट ठेवून उत्तर मिळाले, तर काम पुढे जाऊ द्यावे. नुसते ‘काही होत नाही’ असे उत्तर आले, तर त्या दिवशी करवत खाली ठेवावी.